कुत्र्यासोबत दिवसभराची डोंगरभटकंती आणि निसर्गाचे फोटो: कोल्हापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की हे प्रश्न सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवलेलं बरं. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कुत्र्याला घेऊन पहिल्यांदाच जायचंय. कोल्हापूरच्या जवळ सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच रविवारी थेट पन्हाळ्याजवळचं मसाई पठार गाठू नका. दोन-तीन वेळा शहराच्या कडेलाच फिरा. सकाळी लवकर कळंबा तलावाचा काठ किंवा गारगोटी रोडनं कात्यायनीच्या डोंगराकडची वाट चांगली. कळंब्याचं पाणी पिण्यासाठी वापरतात, म्हणून कुत्र्याला तलावात उतरवायचं नाही. या फेऱ्यांत तीन गोष्टी बघायच्या. तुम्ही फोटोसाठी पाच मिनिटं गुडघ्यावर बसलात तर ते शांत राहतं का? समोरून गाई-म्हशी आल्या तर काय करतं? आणि हाक मारली की पहिल्या हाकेला येतं का? तिसरीचं उत्तर बहुतेक "घरी येतंय की ओ" असं असतं. घरातलं येणं आणि डोंगरावरचं येणं यांत फार फरक आहे.

हे जमलं की पन्हाळ्याच्या आसपासच्या वाटा, आणि मग मसाई.

२. राधानगरी-दाजीपूरला कुत्रं नेता येईल का? गाडीतच ठेवलं तर?

नाही. राधानगरी हे वन्यजीव अभयारण्य आहे, तिथं पाळीव कुत्रं नेता येत नाही. १९५८ पासून हे जंगल गव्यांसाठी राखलेलं आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत राधानगरीही आहे. चांदोलीलाही हेच लागू, तो तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग.

कारण नुसतं भुंकण्याचं नाही. कुत्र्यांमधले डिस्टेंपर, पार्व्हो यांसारखे आजार जंगली मांसाहारी प्राण्यांना होऊ शकतात. शिवाय हरणाच्या, सांबराच्या नाकाला कुत्र्याचा वास म्हणजे शिकाऱ्याचा वास, तुमचं कुत्रं कितीही गरीब असो.

गाडीत ठेवून जाणं तर त्याहून वाईट. काचा चढवलेली गाडी उन्हात काही मिनिटांत तापते. दाजीपूरला जायचं असेल त्या दिवशी कुत्र्याला घरी माणसांजवळ ठेवा.

३. मसाई पठार आता संवर्धन राखीव झालंय म्हणे. मग तिथं चालतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि यात गोंधळही सर्वांत जास्त. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड आणि मसाई पठार अशी बरीच संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. तिथल्या लोकांची गुरं, ये-जा, देवस्थानं चालू राहतात. पण म्हणून ते मोकळं रानही नाही. वनविभाग एखादा भाग, एखादा हंगाम बंद ठेवू शकतो. निघायच्या आधी त्या भागाच्या वनपालांना किंवा वनरक्षकांना विचारा. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइनही आहे. तिथला माणूस "नको" म्हणाला तर वाद न घालता दुसरीकडं जा.

परवानगी असली तरी पट्टा सुटणार नाही, हे धरूनच चला (प्रश्न ८).

४. पन्हाळ्यावर काय नियम?

पन्हाळा हे वस्तीचं गाव आहे, रस्त्यावरून कुत्रं घेऊन फिरायला कोणी अडवत नाही. पण तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी या संरक्षित वास्तू आहेत. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यात पन्हाळा आहे. वास्तूंच्या आत कुत्रं न्यायचं नाही. एकानं बाहेर थांबायचं, एकानं आत जायचं, मग अदलाबदल. ट्रायपॉड लावायचा असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमांची गर्दी असते. १६६० च्या त्या रात्रीची आठवण म्हणून शेकडो पोरं भर पावसात घोषणा देत जातात. बघण्यासारखं असतं, पण कुत्र्यासाठी नव्हे. त्या दिवसांत म्हाळुंगे, मसाई ही वाटच सोडून द्या. जोतिबाचंही तसंच: चैत्र यात्रा आणि रविवार टाळा, गुलाल कुत्र्याच्या डोळ्यांत आणि नाकात जातो.

५. कुठला महिना चांगला?

फोटोंसाठी ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पठारावर तेरडा, गेंद, सीतेची आसवं, कवला आणि मागाहून सोनकी. कुत्र्यासाठी मात्र नोव्हेंबर ते जानेवारी: हवा थंड, वाट कोरडी, जळवा नाहीत. दोघांचं जुळतं ते सप्टेंबरच्या उघडिपीत.

जुलैमध्ये गगनबावड्याकडं जाऊ नका. जिल्ह्यातला सर्वांत पावसाचा तालुका तो. ओढ्याला अचानक पाणी वाढतं आणि धुक्यात कडा दिसत नाही. तुम्हाला कळतं तिथं कडा आहे, वासाच्या मागं धावणाऱ्या कुत्र्याला कळत नाही.

मार्च ते मे मसाईवर कुत्रं नेणं म्हणजे त्याला तव्यावर उभं करणं. वर सावली नाही, भरवशाचं पाणी नाही आणि जांभा दगड तापतो. निघताना हाताचा उपडा पंजा दगडावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

६. कुठल्या जातीचं, किती वयाचं कुत्रं नेता येतं?

गावठी कुत्रं सर्वांत चिवट. आपल्या हवेला आणि दगडाला सरावलेलं असतं. कारवानी किंवा मुधोळ पळायला भारी, पण काही हललं की डोळा तिकडं आणि डोळ्यामागं सगळं अंग. पट्टा सुटला तर ससा दिसेपर्यंतच तुमचं.

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना चढ नको, दमट हवेत तर नकोच. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं, आणि यांच्या नाकात तेवढी जागाच नसते. हस्की, सेंट बर्नार्ड यांना थंडीतल्या पहाटेपुरतं.

वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात. मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत. तोवर सपाट आणि थोडं चालणं पुरे. म्हाताऱ्या कुत्र्याचं डॉक्टरांना विचारा, पण गाडी जाते तिथपर्यंत नेऊन तासभर फिरवण्यात काहीच वाईट नाही. त्या दिवशी फोटोही निवांत मिळतात.

७. आधी काय तयारी आणि पिशवीत काय?

रेबीजची लस वेळेवर झालेली हवी. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याचा समावेश असलेली लसही. गोचिडांसाठी औषध (गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब) डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन-तीन दिवस आधी.

पाणी माणसापेक्षा कुत्र्यासाठी जास्त धरा. घरी बसून त्याला दर किलो वजनामागं साधारण ५०-६० मिलिलिटर लागतं, चढावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला दोन-तीन लिटर. घडी होणारी वाटी, उकडलेली अंडी किंवा साधा भात-चिकन, चिमटा, बँडेज, एक जुना टॉवेल. आणि मोठी चादर: पाय मोडला किंवा साप चावला तर तिच्यातच झोळी करून उचलायचंय.

आपल्या डब्यातलं मात्र त्याला नाही. कांदा, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी. खर्डा-भाकरीतली कोरडी भाकरी चालेल, तांबडा-पांढरा नाही. दुखण्यावर आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीच नाही.

८. मोकळ्या पठारावर पट्टा सोडला तर काय बिघडतं? तिथं कोणीच नसतं.

असतं. तुम्हाला दिसत नाही इतकंच. टिटवी, चंडोल, रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणजे चार खडे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते तेव्हा ती तुम्हाला हाकलत असते. कुत्र्याला मात्र तो खेळ वाटतो.

पठाराच्या कडेला धनगरांच्या मेंढ्या असतात. कुत्रं मागं लागलं तर कळप बुजून कड्याकडं धावू शकतो. एक मेंढी मेली तर त्या घराचं किती जातं याचा हिशेब करा.

आता यातली सर्वांत भयंकर गोष्ट. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी शेताच्या कुंपणात वीज सोडतात, फासे लावतात. डुकरांसाठी पिठात किंवा मांसात गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवल्याच्याही घटना घडतात. वास आला की कुत्रं तोंड घालणारच. हे सगळं बेकायदेशीर आहे, पण बेकायदेशीर आहे म्हणून नसतं असं नाही. ऊस आणि रान जिथं मिळतं त्या पट्ट्यात तर पट्टा दोन हातांहून लांब ठेवू नका. असं काही दिसलं तर हात न लावता वनविभागाला कळवा.

९. एका हातात पट्टा आणि एका हातात कॅमेरा, जमायचं कसं?

दोघं जा, हे खरं उत्तर. एकानं पट्टा धरायचा, एकानं फोटो काढायचे. वीस मिनिटांनी बदली.

एकटंच जायचं असेल तर कमरेला बांधायचा रबरी ताणाचा पट्टा घ्या आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. कॅमेऱ्याचा बेल्ट आडवा, पट्ट्याच्या उलट्या बाजूला. "थांब" हा एकच शब्द महिनाभर घरी शिकवा: तुम्ही बसलात की त्यानंही बसायचं. कुत्र्याला ट्रायपॉडला बांधणारे लोक आहेत. ट्रायपॉड, कॅमेरा आणि कुत्रं तिन्ही एका दिशेनं जातात.

याला एक अपवाद. पन्हाळ्याचा पुसाटी बुरूज असो की कुठलाही कडा, तिथं पट्टा कमरेला नको. तीस किलोच्या कुत्र्यानं एक झटका दिला तर तुम्हीही जाल. कड्यापासून लांब झाडाला बांधा आणि कोणीतरी जवळ थांबा. थांबायला कोणी नसेल तर तो फोटो सोडा.

१०. महागडा कॅमेरा हवाच का? लेन्स कुठली?

मोबाइल पुरतो, खास करून फुलांना आणि धुक्याला. कॅमेरा असेल तर एकच लेन्स न्या. कुत्रं सोबत असताना लेन्स बदलायला बसलात की पालथ्या लेन्सवर ओलं नाक आलंच. १८-१३५ किंवा २४-१०५ सारखी मधली लेन्स बरी. पावसाळ्यात पोलरायझर लावा, ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग खरा दिसतो. परत आल्यावर कॅमेरा ओल्या पिशवीत ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा.

११. कुत्रं बरोबर असताना पक्ष्यांचे, प्राण्यांचे फोटो कसे मिळतील?

मिळणार नाहीत. उगाच आशा लावण्यात अर्थ नाही. शेकरू, धनेश, सांबर यांच्यासाठी वेगळा दिवस काढा, कुत्र्याविना. कुत्रं असेल त्या दिवशी न पळणाऱ्या गोष्टी शोधा: कातळावरचं शेवाळ, साचलेल्या पाण्यातलं आभाळ, बुरशी, गवतावरचं दव, दगडाचे पोत, दूरचे डोंगर एकामागं एक फिके होत जातात ते. सीतेची आसवं इतकी लहान असतात की पोटावर झोपल्याशिवाय फोटो येतच नाही. कुत्र्यालाही असं पडून राहणं आवडतं.

आमचं मत विचाराल तर पक्ष्यांच्या मागं धावणाऱ्यांना जमिनीलगतचं निम्मं पठार दिसलेलंच नसतं.

१२. फुलांमध्ये कुत्र्याला बसवून फोटो काढला तर?

नको. पठारावरची माती बोटभर जाडीची असते, तिच्यावर ही फुलं वर्षातून काही आठवडे येतात. बी धरायच्या आधी चिरडली की पुढच्या वर्षी तिथं कमी. वाटेवरच बसवा, कॅमेरा जमिनीला टेकवा आणि वाटेकडेची फुलं पुढं धरून मागं कुत्रं घ्या. फोटोत ते फुलांतच बसल्यासारखं दिसतं. हीच युक्ती माणसांनाही लागू आहे, सेल्फीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं.

१३. आमचं कुत्रं काळं आहे. फोटोत नुसता डाग दिसतो, नाहीतर राखाडी.

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं मानतो. फ्रेम भरून काळं कुत्रं असेल तर तो जास्त उजेड घेऊन त्याला राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर उणे ०.७ ते १ करा. धुकं याच्या उलट: कॅमेरा त्याला मळकं करतो, तेव्हा अधिक ०.७ ते १.

मग धुक्यात काळं कुत्रं? दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात. अशा वेळी स्पॉट मीटरिंगनं (फ्रेमच्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजायची सोय) चेहऱ्यावर मोजा, रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढा आणि धुकं थोडं जास्त पांढरं गेलं तर जाऊ द्या. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, मग सूर्याचं चिन्ह खाली-वर सरकवा. फोकस नेहमी डोळ्यांवर. दुपारच्या उन्हात काळ्या केसांत काहीच दिसत नाही, ढगाळ हवा उत्तम. पळतानाचा फोटो हवा असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून जलद, आणि लांब पट्टा धरूनच.

१४. वाडीवरची किंवा धनगरांची कुत्री अंगावर आली तर?

त्यांचा तो भाग, पाहुणे आपण. वाडी दिसली की लांबूनच हाक द्या: "मामा, कुत्रं हाय बरोबर, तुमचं जरा धरा ओ." बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. वाडीतून जायचं टाळता येत असेल तर वळसा घ्या. तरी आलीच तर पळू नका, दगड मारू नका, आपल्या कुत्र्याला मागं घेऊन सावकाश बाजूला व्हा. लहान कुत्रं उचलून डोक्यावर धरलं तर ती उड्या मारतात, उलट वाढतं.

माणसाला दात लागला किंवा ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लसीसाठी जा. "पाळीव होतं" म्हणून थांबू नका.

१५. गवा समोर आला तर? आणि बिबट्या?

गवा आता फक्त दाजीपुरात भेटतो असं नाही, पन्हाळ्याच्या बाजूलाही येतो आणि शहराच्या वेशीपर्यंत आलेला सगळ्यांनी पाहिला आहे. माणूस एकटा असेल तर गवा बहुधा बघतो आणि निघून जातो. कुत्रं भुंकत पुढं गेलं की तो कुत्र्यावर धावतो, आणि घाबरलेलं कुत्रं परत येतं ते तुमच्याकडंच. अशा वेळी मधे तुम्ही असता. म्हणून गवा दिसताच पट्टा आखडा, कुत्र्याचं तोंड दुसरीकडं फिरवा आणि आवाज न करता आल्या वाटेनं मागं. त्याची पळायची वाट अडवू नका. एकटा नर जास्त धोक्याचा. फोटो काढायचा नाही, मोबाइलनंही नाही.

बिबट्या कुत्र्याला खाद्य समजतो. पहाटे अंधारात आणि सूर्य मावळल्यावर रानात राहू नका. संध्याकाळचा सोनेरी उजेड हवा असेल तर गाडीपासून हाकेच्या अंतरावर काढा. चंदगड-आजरा भागात हत्ती आहेत, तिकडं कुत्रं घेऊन जाऊच नका.

१६. साप चावला किंवा ऊन लागलं हे कसं ओळखायचं?

कातळावर फुरसं असतं, दगडाच्या रंगाचं, आणि कुत्रं नाक घालतं तिथंच. चावा बहुधा तोंडाला किंवा पुढच्या पायाला. पटकन सूज येते, लाळ गळते, किंवा मण्यार-नागाच्या विषानं पाय लटपटतात. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस सैल करा, चालवू नका, झोळीत घालून गाडीत. वाटेतूनच डॉक्टरांना फोन करून प्रतिविष आहे का विचारा. निघायच्या आधीच असे दोन डॉक्टर शोधून ठेवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा नंबरही मोबाइलमध्ये असू द्या.

ऊन लागल्याची खूण: थांबूनही धापा कमी होत नाहीत, हिरड्या लालभडक, चिकट लाळ, झोकांड्या. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की धोका. सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

१७. जळवा आणि गोचीड?

जळू नखानं बाजूनं सरकवून काढा, मिठाचा मारा नको. एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: ओढ्याचं पाणी पिताना जळू नाकात शिरू शकते. नंतर कुत्रं सारखं शिंकतं, एका नाकपुडीतून रक्त येतं. ते घरी काढायच्या भानगडीत पडू नका.

घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली गोचीड शोधा, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जेवण सुटणं, फिक्या हिरड्या दिसल्या तर डॉक्टरांना डोंगरावर गेल्याचं आठवणीनं सांगा.

१८. ड्रोन?

अभयारण्यात नाही, संवर्धन राखीव क्षेत्रात वनविभागाला विचारल्याशिवाय नाही, आणि उजळाईवाडीच्या विमानतळामुळं शहराच्या आसपासही बंधनं आहेत. ड्रोन कुठं उडवता येतो हे दाखवणाऱ्या डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी बघा. आणि कुत्रं सोबत असेल तर तसंही नको. ते खाली येणाऱ्या पात्यांवर उडी मारतं.

१९. फोटो टाकताना जागा सांगावी का?

मसाई पठार, पन्हाळा एवढं सांगायला हरकत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पण कंदीलपुष्प किंवा जमिनीवरचं ऑर्किड सापडलं तर नेमकी जागा लिहू नका आणि फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाका. कंद उपटून नेणारे लोक आहेत. घरट्याचा फोटो टाकूच नका. कुत्र्याच्या फोटोत पट्टा दिसत असेल तर तो खोडू नका. मोकळं कुत्रं आणि मागं पठार असा फोटो पाहून पुढच्या रविवारी लोक पट्टा घरी ठेवून येतात.